आमची वाटचाल : आम्ही ‘फुकटवाले’

२००९ साली कोल्हापुरात राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघांनी फाउंड्रीसाठी (धातू ओतणाऱ्या कारखान्यांसाठी) सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. हीट नंबरपासून, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक वितळणीच्या क्रमांकापासून, डिस्पॅचच्या चलनापर्यंत सगळं एका जागी. खाली सगळं ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि कोड खुला असलेलं : जावा ही भाषा, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि अपाचे या संस्थेच्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोड. लायसन्सला पैसे नव्हते हे खरंच, पण आत काय चाललंय ते उघडून बघता येतं याचंही मोल होतं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव असं गिऱ्हाईक वाढत गेलं. पुढची दहा-बारा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डिसेंबर २०२१. जुलैच्या पुरातून एमआयडीसी नुकती सावरत होती आणि लॉगफोरजेची बातमी फुटली. ही अपाचेचीच लायब्ररी, सॉफ्टवेअरमध्ये काय घडलं त्याची नोंद (लॉग) ठेवणारी. लॉगमध्ये ठरावीक धाटणीची एक ओळ पडली की सर्व्हर बाहेरचा कोड आणून चालवणार, एवढं ते भोक मोठं. २.१५ आली, ती लावतोय तोवर २.१६, ती लावून चहा घेतोय तोवर २.१७. दर खेपेला प्रत्येक कारखान्यात जाऊन सर्व्हर बंद करायचा, जार (लायब्ररीची फाइल) बदलायची, आणि मालकाला तेच पुन्हा समजावायचं.

नेमकी हीच वेळ गावातल्या एका स्पर्धकाने साधली. नाव घेत नाही, त्याची जाहिरात मी का करू? ‘हे लोक नेटवरनं फुकटचं उतरवतात आणि तुमच्या गळ्यात मारतात’ असं तो दारोदार सांगत सुटला. त्याचं सॉफ्टवेअर जावातलंच. आमचं सोडून त्याच्याकडे गेलेल्या एका कारखान्यात, त्याच्या इन्स्टॉल फोल्डरमध्ये मी स्वतः जार बघितली : लॉगफोरजे-कोअर, २.११. हात न लावलेली! पण बोलायचं कुणाला? मार्चपर्यंत निम्मी एएमसी, म्हणजे देखभालीची वार्षिक कंत्राटं, गेली. भागीदार पुण्याला नोकरीला लागला. त्याचा राग नाही, घर चालवायचं होतं त्याला.

शिरोलीचे फाउंड्रीवाले अण्णा तेवढे हलले नाहीत. उलट मलाच विचारलं, “आमी माल वतायच्या आधी स्पेक्ट्रोला नमुना लावतोय. रिपोर्ट आल्याबिगर लॅडल हलत नाही. तुमच्यात तसलं काय नसतंय व्हय?”

असतंय की. स्पेक्ट्रोवर ते धातूत काय किती आहे ते बघतात, आमच्यात रिलीज कँडिडेट (आरसी), म्हणजे नवी आवृत्ती पक्की करण्याआधी तपासायला ठेवलेली प्रत, म्हणजे तेच. अपाचेत रिलीज मॅनेजर, म्हणजे ती आवृत्ती काढणारा, सोर्सची टारबॉल (कोडची एकत्र बांधलेली फाइल) मांडतो आणि मत मागवतो. किमान ७२ तास. पीएमसीच्या, म्हणजे त्या प्रकल्पाच्या समितीच्या, सभासदांची तीन तरी +१ (होकार) लागतात आणि −१ (नकार) पेक्षा +१ जास्त. मत कुणीही द्यावं, आमच्यासारख्यांचं ‘नॉन-बाइंडिंग’ धरतात, म्हणजे मोजणीत नाही. रिलीजला व्हेटोही नसतो, म्हणजे एकट्याच्या −१ ने ती अडत नाही. पण दोष पुन्हा करून दाखवता आला, तर शहाणा रिलीज मॅनेजर कँडिडेट मागे घेतोच.

आम्ही वापरतो त्या लायब्रऱ्यांचं मत निघालं की बाकी कामं बाजूला. फाइल वाटेत बदलली नाही ना, यासाठी एसएचए-५१२ हा तिचा ठसा जुळवायचा, कीज फाइलमधल्या चावीने जीपीजी (डिजिटल) सही तपासायची, लायसन्स आणि नोटीस फायली बघायच्या, मग सोर्सवरून बिल्ड, म्हणजे कोडपासून चालती जार बनवायची. त्यानंतर आमचं खरं हत्यार : अण्णांच्या वजनकाट्याच्या केबिनमधून आणलेला जुना विंडोज पीसी. पंख्यात अजून मोल्डिंगची काळी वाळू निघते. त्यावर ‘ढलाई चलन’ नावाचं फोल्डर, मधे स्पेस, आत मराठीत पार्टीची नावं. जावा १८ पासून यूटीएफ-८ हे अक्षरं साठवायचं एन्कोडिंग डिफॉल्ट आलं. जुन्या जावावर विंडोजचं आपलंच एन्कोडिंग चालतं. एका कँडिडेटला मॅक-लिनक्सवर सगळ्यांचे +१ पडत होते, आमच्या पीसीवर मात्र पार्टीच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. स्टॅक ट्रेस नाही, एरर नाही, वजनं-रकमा बरोबर. चलनाचा फोटो, जावाची आवृत्ती आणि दहा ओळींची टेस्ट जोडून −१ दिलं. आरसी १ रद्द झाली, आरसी २ मध्ये आमची टेस्ट आत गेली. आरसी १ च फायनल होऊन आली असती, तर ट्रक गेटवर उभे राहिले असते आणि स्पर्धकाने पेढे वाटले असते.

या धंद्यात येणाऱ्या पोरांना सांगतो : नुसतं +१ टाकून मोकळं होऊ नका, काय तपासलं, कुठल्या ओएसवर, कुठल्या जावावर ते लिहा. बिल्डच्या आधी मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनाचं लोकल रिपॉझिटरी (उतरवलेल्या जारचा साठा) रिकामं करा, नाहीतर जुनीच जार पास होते. आणि आरसी कितीही गोड चालली तरी गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर चढवायची नाही.

गेलेल्यांपैकी बरेच परत आले. येताना ‘तुमच्यात ते टेस्टिंग असतंय म्हणे’ असं अण्णांकडूनच ऐकून येतात. त्या स्पर्धकाच्या पाटीवर आता ‘ओपन सोर्स तज्ज्ञ’ असं लिहिलंय. बघितलं मी. मत देताना मात्र त्याचं नाव अजून कधी दिसलं नाही.

ऑफिसातली पोरं विचारतात, या तपासणीचे तास कुणाच्या बिलात लावायचे? एएमसीत धरलेत. कुणाची हरकत असेल तर थेट माझ्याशी बोलावं.