शाडूच्या गोळ्यामागचं काम

बालवाडीच्या शेवटच्या दिवशी आपण ताईंना फुलं देतो, सगळ्यांचा एकत्र फोटो काढतो आणि "मुलांना छान सांभाळलंत" म्हणतो. भावना खरी असते, पण आभार नेमके कशाचे ते त्यात येत नाही. माझी मुलगी आता पहिलीत जाईल. तिला गाणी, माती, रंग, गोष्टी यांनी भरलेली बालवाडी मिळाली. त्या खेळामागे किती मोजूनमापून केलेलं काम असतं हे इतर पालकांनाही कळावं, म्हणून हे आभार मी तपशिलात लिहिते आहे.

सुरुवात मातीपासून. वीस मुलांच्या वर्गाला साधारण पाच किलो कोरडी शाडू लागते. भिजल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला तीनशे ग्रॅमच्या आसपास गोळा येतो, म्हणजे दोन्ही हातांनी दाबावा लागेल एवढा. याहून लहान गोळा दिला तर मूल नुसतं बोटांनी चिमटत बसतं. खांदा, कोपर, मनगट कामाला लागतच नाहीत. माती आदल्या दिवशीच भिजवावी लागते, तीही वर्गाबाहेर, कारण पुडीची धूळ उडते आणि दमा असलेल्या मुलाला ती लगेच बाधते. परातीत आधी पाणी, मग हळूहळू पूड. पाणी मातीच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश. रात्रभर ओल्या फडक्याखाली ठेवायची आणि सकाळी भाकरीच्या पिठासारखी मळायची. झाली की नाही हे पाहायला करंगळीएवढी वळकटी करून बोटाभोवती गुंडाळायची. चिरली तर पाण्याचा हात लावायचा, तळव्याला चिकटली तर थोडी कोरडी पूड घालायची. हे सगळं मुलं यायच्या आधी झालेलं असतं. उरलेली माती झाकणाच्या बादलीत, वर ओलं गोणपाट घालून ठेवायची. सुट्टीत बादलीकडे दुर्लक्ष झालं की ती दगडासारखी होते आणि पुन्हा फोडून भिजवावी लागते.

घरी आणलेल्या हत्तीची सोंड वाटेतच तुटते, कारण ती नुसती चिकटवलेली असते. पाच वर्षांच्या मुलांना ताई जोड कसा द्यायचा ते दाखवतात: दोन्ही बाजू काडीने खरवडायच्या, मध्ये मातीचा पातळ लगदा लावायचा आणि मग दाबायचं. वाळवायचं सावलीत. उन्हात वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि भेगा पडतात. अंगठ्यापेक्षा जाड वस्तू असेल तर ती खालून कोरून पोकळ करावी लागते. तीन वर्षांच्या मुलांच्या बाबतीत यातलं काहीच करायचं नसतं. त्यांनी थापलेलं, लाटलेलं, भोकं पाडलेलं सगळं पुन्हा बादलीत जातं. मूल रिकाम्या हाताने घरी आलं म्हणून त्या दिवशी काही झालं नाही असं समजू नये. ज्या वर्गातल्या वस्तू रोज घरी येतात आणि सगळ्यांच्या सारख्याच दिसतात, तिथे हात बहुतेक मोठ्यांचे लागलेले असतात.

काही ठिकाणी शाडूऐवजी मिठाची कणीक वापरतात: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक चमचा तेल आणि पाऊण ते एक वाटी पाणी. ती स्वच्छ असते, पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मीठ हवेतली ओल धरतं आणि दुसऱ्या दिवशी गोळा पाझरायला लागतो. शिवाय खारट असूनही मुलं ती खातात, आणि पोटात जास्त मीठ जाणं लहान मुलाला धोक्याचं असतं. माझं मत शाडूच्या बाजूने आहे.

पालकसभेत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "लिहायला कधी शिकवणार?" त्याचं उत्तर या गोळ्यात आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी काही अजून कूर्चेच्याच रूपात असतात. पेन्सिल तीन बोटांत धरून ती बोटांनीच फिरवणं बहुतेक मुलांना चार ते सहा या वयात जमू लागतं. त्याआधी ओळींच्या वहीत अक्षरं गिरवायला बसवलं तर मूल मुठीत पेन्सिल धरतं, सगळ्या हाताने दाबतं, दहा मिनिटांत दमतं, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. माती मळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, फडकं पिळणं ही त्याच हाताची तयारी आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला. महाराष्ट्रातल्या चांगल्या बालवाड्या हे त्याच्या कितीतरी आधीपासून करत आल्या आहेत.

रंगांची खळ ताई स्वतः शिजवतात. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, तीन वाट्या उकळतं पाणी घालत मंद आचेवर ढवळायचा, चकचकीत झाला की उतरवून चिमूटभर मीठ आणि खाण्याचा रंग घालायचा. उन्हाळ्यात ही खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करायची. गेरू आणि हळद चालते. चुना अजिबात नको, डोळ्यात गेला तर भाजतो. बाजारी कुंकवात काय मिसळलंय ते कळत नाही, म्हणून तेही नको. पहिल्या दिवशी एकच रंग, काही दिवसांनी दोन. एकदम सहा रंग आणि एक ब्रश दिला की पाच मिनिटांत सगळं चिखलाच्या रंगाचं होतं, आणि मूल कंटाळलं असं आपण म्हणतो. म्हणून प्रत्येक वाटीत तिचा स्वतःचा ब्रश, जाड आणि आखूड दांड्याचा. कागद मोठा आणि मुलाच्या छातीच्या उंचीवर भिंतीला लावलेला, म्हणजे हात खांद्यापासून फिरतो.

गाण्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. लहान मुलांचा सोयीचा आवाज मोठ्यांपेक्षा उंच असतो आणि त्याची धाव कमी असते. पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनला, म्हणजे तिथल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, सा धरला तर तिथून पंचमापर्यंत, म्हणजे प पर्यंत, बहुतेक मुलं आरामात गातात. आपण मोठी माणसं आपल्या सोयीने खाली गायला लागलो की मुलं सूर सोडून नुसती बोलतात किंवा ओरडतात, आणि "हिला सूर नाही" असा शिक्का बसतो. जाणत्या ताई गाणं वर उचलतात. त्यासाठी त्यांना स्वतःचा गळा ताणावा लागतो, रोज, वर्षभर.

नवं गाणं शिकवण्याचीही रीत आहे. आधी ताई पूर्ण गाणं दोन-तीनदा म्हणतात, मुलं फक्त ऐकतात. मग मुलं नुसते हातवारे करतात. मग ताई ओळीचा शेवटचा शब्द सोडून देतात आणि मुलं तो भरतात. एकेक ओळ "माझ्यामागून म्हणा" असं घोकून घेतलं तर गाण्याची लय तुटते आणि ती पुन्हा जोडताना दुप्पट वेळ जातो. मोबाइलवर लावलेलं गाणं तर मुलासाठी थांबतच नाही. ज्याला टाळी वाजवून मग हात वर न्यायला क्षणभर जास्त लागतो, तो मागेच राहतो. ताईंचा आवाज त्याच्यासाठी थांबतो. मला वाटतं, सबंध बालवाडीत याहून मोलाची गोष्ट नाही.

गोष्टीचं गणितही असंच. सात-आठ मिनिटांपेक्षा लांब नको, एक ओळ परत परत यायला हवी, मुलं अर्धगोलात बसलेली हवीत, आणि चित्र ताईंच्या चेहऱ्याशेजारी धरलेलं हवं. मांडीवर धरलं तर मागच्या मुलांना दिसत नाही, मग ती उठतात आणि सगळं विस्कटतं. नाटुकल्याच्या कोपऱ्यात जुन्या ओढण्या, पंचे, टोप्या, रिकामे डबे पुरतात. एका वेळी चार-पाच मुलंच हवीत, नाहीतर खेळाची मारामारी होते.

ही रीत आपल्याकडे कोणी रुजवली तेही ठाऊक असावं. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये लहान मुलांची आपली पहिली शाळा सुरू केली. त्यांच्या विचारांनी भारावून गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या, आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती: माँटेसरी साधनं महाग होती आणि गरिबाच्या मुलापर्यंत पोचत नव्हती. 1945 मध्ये त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, अशी अंगणवाडी आकाराला आली. पुढे 1957 मध्ये काम त्याच भागातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली ती तिथेच. मोजायला शिंपले आणि बिया, रांगोळीला पानं-फुलं, चित्राला वारली घरांच्या भिंतींवरचा गेरू आणि तांदळाचं पीठ. आज मुलीच्या वर्गात शिंपल्यांची टोपली दिसते, त्यामागे ताराबाई आणि अनुताई आहेत. आभार त्यांनाही पोचायला हवेत.

पालक म्हणून आपण करू शकतो ते बरंचसं न करण्यातच आहे. मुलाला त्रिकोणी छपराचं घर, दोन डोंगर आणि मधला सूर्य काढून दाखवू नये. एकदा ते शिकलं की वर्षभर तेच काढत राहतं. साडेतीन-चारच्या सुमारास डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं कागदावर येतात. ती चूक नसते, पोट आपोआप नंतर येतं. "हे काय काढलंस?" असं विचारण्यापेक्षा जे दिसतं ते बोलावं: इथे खूप जोरात दाबलंयस, हा निळा कडेपर्यंत गेलाय. स्नेहसंमेलनासाठी सिनेमाच्या गाण्यावर महिनाभर नाच बसवा असा आग्रह तर कोणत्याही बालवाडीकडे धरू नये, कारण तो महिना मुक्तखेळातूनच कापला जातो. ज्या ताई पालकांचा रोष पत्करून याला नाही म्हणतात, त्यांच्या पाठीशी सभेत उभं राहावं. सभेत त्यांच्या मानधनाचा विषयही काढावा. आपण फी वाढीवर तासभर बोलतो, पण त्यातलं ताईंपर्यंत किती पोचतं हे विचारत नाही.

आणि भेटवस्तू द्यायचीच असेल तर वर्गात लागणारी द्यावी. एका बाजूने कोरे कागद, एकेक मीटरचे सुती तुकडे, पुठ्ठ्याची खोकी, कपड्यांचे चिमटे, जाड ब्रश. बिया देताना मात्र जपावं. चिंचोके, सीताफळाच्या बिया, वाल असलं काही तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती जाऊ नये. सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदीची वस्तू घशात अडकू शकते, आणि नाकात गेलेला हरभरा ओलीने फुगतो. मोठ्या मुलांना मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. गुंजा, एरंडाच्या बिया आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या दिसायला कितीही सुरेख असल्या तरी कधीच देऊ नयेत. तिन्ही विषारी आहेत, आणि बिट्ट्यांनी तर आपल्याकडे मुलं सर्रास खेळतात.

शाडू देणार असाल तर जूनमध्ये, शाळा उघडतानाच द्या, पाच किलोची पूड, सुकी आणि खडे चाळून. गणपतीनंतर घरच्या बादलीत विरघळलेल्या मूर्तीची माती द्यायचं अनेकांच्या मनात येतं. मूर्ती रंगवलेली नसेल किंवा फक्त गेरू-हळदीने रंगवलेली असेल तरच ती मुलांच्या हाती द्यावी. बाकीची आपल्या कुंडीतही नको, कारण बाजारी रंगांत काय आहे ते सांगता येत नाही. देण्याआधी दागिने, दोरे, टाचण्या काढून जाड कापडातून गाळून घ्यावी आणि वाळवून पिशवीवर "चाळलेली, रंग नसलेली" असं लिहून ताईंकडे सोपवावी.