वाघ सोडून डबक्यात काय बघता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, सोसायटीच्या सभेत प्रश्न हाच असतो: "प्राण्यांची एवढी हौस, तर ताडोब्याला वाघ बघायला जा की. हाजी अलीच्या खडकांवर ओणवं होऊन गोगलगायी कसल्या बघता?"

ताडोब्याला तीनदा जाऊन आलोय. दोनदा नुसते पायाचे ठसे दिसले. तिसऱ्यांदा वाघ रस्त्यातच आडवा पसरला होता. त्याने जांभई दिली, आमच्या जिप्सींच्या रांगेकडे कंटाळून पाहिलं आणि बांबूंत शिरला. देखणा होताच, नाही कशाला म्हणू? पण शिकार करणारा वाघ काही मला भेटला नाही.

ओहोटीला खडकांत पाणी साचून राहतं, त्या डबक्यात मात्र शिकार माझ्या नाकासमोर चालते. न्यूडिब्रँक ही कवच नसलेली समुद्री गोगलगाय, आमच्याकडे दिसते ती बोटाच्या पेराएवढी. गोगलगाय म्हटलं की लोकांना पाला खाणारी गरीब गाय वाटते. ही वाघाइतकीच पक्की मांसाहारी. हायड्रॉइड हे तिचं एक आवडतं खाणं. ते दिसतं पिसाऱ्यासारख्या झुडपासारखं, पण तो प्राणी असतो, आणि त्याच्या अंगभर डंख मारणाऱ्या पेशी असतात. काही न्यूडिब्रँक त्या पेशींसकट त्याला खातात. न फुटलेल्या पेशी पचवत नाहीत. आतल्या आत सरकवत पाठीवरच्या बोटांसारख्या फुगवट्यांच्या टोकांत नेऊन ठेवतात. मग कुणी मासा चावायला आला की त्याच पेशी त्याला डसतात. वाघाने सांबर खाऊन त्याची शिंगं स्वतःच्या पाठीवर उगवून घ्यावीत, तसलाच हा प्रकार!

रंगाचंही उलटंच. आपल्याला भडक वाटणारा वाघाचा नारिंगी रंग चितळाला हिरवटच दिसतो, म्हणून तो गवतात दडतो. हिच्या अंगावरचे जांभळे-केशरी रंग 'मला खाऊ नका' असं ओरडून सांगतात. गंमत म्हणजे स्वतःचे रंग तिला कधीच दिसत नाहीत. तिच्या डोळ्यांना उजेड-अंधार एवढंच कळतं. बाकी सगळं डोक्यावरच्या दोन शिंगांनी हुंगायचं. वाघाने निदान माझ्याकडे बघून जांभई तरी दिली. हिच्या लेखी मी म्हणजे पाण्यावर पडलेली सावली.

यायचं असेल तर हिवाळ्यातली अमावास्या धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अमावास्येचे पंधरा धरले की सकाळी सव्वाअकराच्या आसपास भरती, आणि सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला खडक उघडे. जुने बूट घाला, कालवांच्या कडा पाय कापतात. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा, खाली कुणीतरी राहत असतं. आणि जिप्सीचं बुकिंग लागत नाही.