डिपॉझिट परत मिळवायला साडेसहा महिने लागले, माझा पुण्यातला अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं, कारण माझ्या ऑफिसमधल्याच तिघीजणी सध्या याच भानगडीत अडकल्यात आणि प्रत्येकीला फोनवर तेच ते सांगतेय. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

१ जुलै २०२३ ते ३१ मे २०२४, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट. कर्वेनगरमधला वन बीएचके, मी आणि आई. भाडं १८,०००, डिपॉझिट ७५,०००. घरमालकांना आम्ही काका म्हणायचो, तेही मला बाळ म्हणायचे, दिवाळीला आईने फराळाचा डबा पाठवला होता त्यांच्याकडे. हे सांगतेय कारण संबंध चांगले आहेत म्हणून कुठलीच गोष्ट लिहून घ्यायची गरज नाही असं आम्हाला वाटत होतं, आणि नेमकं तिथेच पाणी मुरलं.

ऑगस्टमध्ये बेडरूमच्या भिंतीला ओल आली. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत होती. आधी ताटाएवढा डाग, मग पंधरा दिवसांत तो खाली कपाटापर्यंत उतरला, रंगाचे पोपडे सुटले, त्यावर मिठासारखी पांढरी भुकटी यायची, रोज सकाळी आई ती ओल्या फडक्याने पुसायची. कपाटाची मागची प्लाय फुगून दरवाजा लागेना. काकांना फोन केला तर म्हणाले, पावसाळा संपू दे बाळ, मग बघू. फोनवरच. नशिबाने मी त्याच दिवशी चार फोटो व्हॉट्सअॅप केले होते, खाली लिहिलं होतं की वरून लिकेज आहे, प्लंबर पाठवता का. त्यावर त्यांचा अंगठा आला होता. तो अंगठा पुढे किती कामाला आला ते सांगतेच.

एप्रिलमध्ये मी कळवलं की रिन्यू करायचं नाही. हे मात्र ईमेलवर. तेव्हा निम्म्या लोकांनी सल्ला दिला की उरलेल्या महिन्यांचं भाडंच देऊ नको, डिपॉझिटमधून वळतं कर म्हणावं. पुष्कळ लोक असं करतात, मलाही मोह झाला होता. पण आमच्या अॅग्रीमेंटमध्ये सरळ लिहिलेलं होतं की डिपॉझिट भाड्यात वळतं करता येणार नाही, म्हणजे मीच अट मोडल्यासारखं झालं असतं. दुसरा सल्ला होता पैसे हातात पडल्याशिवाय चावी देऊ नको. हा तर लिव्ह अँड लायसन्सवाल्यांसाठी, म्हणजे आपल्यासारख्या अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटवाल्यांसाठी, फारच घातक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम २४ वाचा. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि जितके दिवस राहाल तितक्या दिवसांचं ठरलेल्या रकमेच्या दुप्पट द्यावं लागतं. घर वेळेवर सोडा, पैशासाठी वेगळं भांडा.

३१ मेला घर रिकामं केलं, झाडून पुसून, मीटरचं रीडिंग फोटोत घेतलं, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ केला. चावी दिली. पण चावी मिळाली असं त्यांच्याकडून लिहून घेतलं नाही, ही माझी चूक. रात्री आठवलं तसा मेसेज टाकला की काका, आज संध्याकाळी सहा वाजता दोन्ही चाव्या तुमच्याकडे दिल्या, मीटर रीडिंगचा फोटो सोबत. त्यांनी हो लिहिलं.

मग सुरू झालं. आधी म्हणाले नवीन भाडेकरू आला की देतो. नवीन भाडेकरू आला पंधरा जूनला, मग म्हणाले मुलगा हिशोब करतोय. जूनच्या शेवटी हिशोब आला, एक कागद, त्याचा फोटो. पूर्ण घराचा रंग २८,०००, कपाट १५,०००, भिंतीचं प्लास्टर ९,०००, डीप क्लिनिंग ४,५००, वगैरे वगैरे, शेवटी मला देणं १६,०००. म्हणजे वरच्या बाथरूमचं पाणी आमच्या भिंतीत उतरलं, आम्ही दहा महिने त्या वासात झोपलो, आईचा खोकला वाढला, आणि त्याचे पैसे आम्हीच द्यायचे. मी फोन केला तर उचलेनात. त्या रात्री मला खरंच रडू आलं, कारण ते ७५,००० आईच्या एफडीचे होते.

पोलीस स्टेशनला गेले. तिथल्या ताईंनी नीट ऐकून घेतलं, पण म्हणाल्या हे दिवाणी प्रकरण आहे, आम्ही यात वसुली करू शकत नाही. ते बरोबरच आहे, तिथे दोन-दोन दिवस घालवू नका. एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरत होता की दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेणंच बेकायदा आहे. तेही बघितलं. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. तो मुद्दा घेऊन मालकाशी वाद घातला असता तर मीच तोंडावर पडले असते.

मग भावाचा मित्र वकील आहे त्याने सांगितलं की आधी अॅग्रीमेंट नीट वाच. आणि खरं सांगते, अकरा महिन्यांत मी ते पहिल्यांदा पूर्ण वाचलं. आमचं रजिस्टर्ड होतं, घरी मशीन घेऊन एजंट आला होता, अंगठे घेतले होते, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा सरकारी उतारा) पण होता ईमेलमध्ये. त्यात लिहिलं होतं की नैसर्गिक झीज सोडून झालेलं नुकसानच कापता येईल आणि घर सोडताना डिपॉझिट बिनव्याजी परत करायचं. बस, एवढ्या दोन ओळींवर सगळं प्रकरण उभं राहिलं.

इथे जरा थांबून सांगते, कारण अजूनही लोक पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळे होतात. त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, आणि ते करायची जबाबदारी मालकाची आहे. केलं नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. खर्च तरी किती, एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के धरलेलं व्याज, त्याच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी. आमच्या केसमध्ये पाचशेच्या आसपास, आणि महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. बाकी जे जातं ते एजंटचं. कोण देणार यावरून घासाघीस होते, मालक तयार नसेल तर निम्मे निम्मे करा पण करा.

जुलैमध्ये नोटीस पाठवली. मीच लिहिली, मराठीत, दीड पान, वकिलाने फक्त दोन वाक्यं बदलली. अॅग्रीमेंटचा नंबर, घर कधी सोडलं, चावी कधी दिली, ओल आल्याचं कधी कळवलं, किती पैसे देणं, पंधरा दिवसांत द्या. शिव्या नाहीत, आईचा खोकला नाही, एफडी नाही, हे सगळं लिहायचा फार मोह होतो पण टाळा. रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठवली. (१ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टात विलीन झालंय, आता पाठवाल तेव्हा काउंटरवर पोचपावती पाहिजे असं स्पष्ट सांगा.) आठ दिवसांनी पाकीट परत आलं, वर पोस्टमनचा शेरा, घेण्यास नकार. मला वाटलं संपलं सगळं. वकील म्हणाला, उलट छान झालं, ते पाकीट उघडू नको, तसंच बंद ठेव, नकार म्हणजे पोचल्यासारखंच धरतात. ते बंद पाकीट मी आईच्या पासबुकांच्या पिशवीत ठेवलं. नोटीसची पीडीएफ व्हॉट्सअॅप आणि ईमेललाही टाकली, निळ्या टिका आल्या त्याचा स्क्रीनशॉट घेतला.

दुसरं महत्त्वाचं काम म्हणजे जुन्या सोसायटीत जाऊन सेक्रेटरींना भेटले. वरच्या फ्लॅटवाल्यांना लिकेजबद्दल सोसायटीने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्र दिलं होतं, त्याची झेरॉक्स त्यांनी दिली. सोसायटीवाल्यांशी आपलं फारसं पटत नाही भाडेकरूंचं, पार्किंग, पाहुणे, लिफ्ट, सगळ्यावरून कटकट, पण तो एक कागद नसता तर ओल कुणामुळे हा वाद आजपर्यंत चालला असता.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. प्रत्येक जिल्ह्यात असतं. तिथे केस दाखल करायच्या आधीच, दाखलपूर्व म्हणतात त्याला, अर्ज देता येतो. कोर्ट फी नाही. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मला वाटायचं हे फक्त गरिबांसाठी आहे, मी पगारदार बाई कशी जाऊ. जा, बिनधास्त जा, तो आपला हक्क आहे.

ऑगस्टमध्ये अर्ज दिला. आधार, अॅग्रीमेंट, इंडेक्स टू, नोटीसची कॉपी, फोटोंच्या कलर प्रिंट (ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ओल दिसतच नाही, मला परत जावं लागलं), चॅटचे स्क्रीनशॉट तारखेसकट. त्यांनी मालकांना नोटीस काढली. पहिल्या तारखेला ते आलेच नाहीत, अर्धा दिवस सुट्टी वाया. ऑक्टोबरमध्ये मुलाला घेऊन आले. मध्यस्थ मॅडमनी शांतपणे विचारलं, ओल आल्याचं तुम्हाला कधी कळलं? मुलगा म्हणाला, घर सोडल्यावर. मॅडमनी ऑगस्ट २०२३ चा चॅट पुढे ठेवला, खाली तो अंगठा. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी. त्या दिवशी ते ४५,००० पर्यंत आले, मी नाही म्हटलं.

शेवटी १४ डिसेंबर २०२४ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत मिटलं. मी शेवटचं लाइट बिल १,२६० आणि किचन ट्रॉलीचा चॅनेल १,८०० आधीपासूनच मान्य करत होते, ट्रॉली आमच्याकडूनच तुटली होती. रंगापोटी ५,००० सोडले, तडजोड म्हणून. आईला ते पटलं नाही, पण लघुवाद न्यायालयात दावा लावून वर्षं घालवायची माझी तयारी नव्हती. ६६,९४० तिथेच बसून मुलाने ट्रान्सफर केले, बँकेचा मेसेज आल्यावरच मी सही केली. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून हप्त्यात घेत असाल तर तारखा आणि रकमा त्यात नीट लिहून घ्या. आणि ज्यांचं जुनं अडकलंय त्यांनी मुदत बघा, पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात, देतो देतो ऐकत बसलात तर ती निघून जातात.

आता वारज्यात राहतो. अॅग्रीमेंटच्या आधी घरमालकीण ताईंना म्हटलं, आपण एकदा सगळं घर फिरून यादी करू, तुमच्यासाठी पण बरं. मला वाटलं रागावतील. त्यांनी स्वतःच बाथरूममधली एक तडकलेली फरशी आणि बेसिनखालचा गंजलेला पाइप दाखवला आणि यादीत लिहायला लावला, खाली आम्ही दोघींनी सह्या केल्या, एक कॉपी त्यांच्याकडे, एक आईच्या त्याच पिशवीत.

कुणाला नोटीसचा नमुना हवा असेल तर सांगा, नावं काढून पाठवते.