छोटा भारत म्हणे!

तोक्योला येणाऱ्या पाहुण्यांना निशी-कासाई बघायचीच असते. ‘लिटल इंडिया’ म्हणतात ना! आणि स्टेशनाबाहेर पडल्यावर त्यांचा चेहरा पडतो. कमान नाही, पताका नाहीत, लाउडस्पीकर तर नाहीच. सायकलींच्या रांगा, औषधाचं दुकान, दातांचा दवाखाना. भारत आहे तो वर, एकसारख्या उंच इमारतींच्या मजल्यांवर विखुरलेला. मला ते बरं वाटतं. वस्तीचा देखावा झाला की तिथे राहणं अवघड होतं.

२००० साल उजाडताना कॉम्प्युटर कोलमडतील या धास्तीनं जपानी कंपन्यांना माणसं हवी होती, तेव्हा आपले इंजिनिअर इथे जमू लागले. तोझाई या मेट्रो लाइननं ओतेमाची या व्यापारी भागातली ऑफिसं साधारण पाव तासावर. शिवाय ‘यूआर’ या निमसरकारी गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरांना जामीनदार लागत नाही, की रेइकिन नाही. रेइकिन म्हणजे घरमालकाच्या हातावर ठेवायची आणि विसरून जायची रक्कम! २०१९ मध्ये तर आपले योगेंद्र पुराणिक इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

त्याच वर्षी वॉर्डानं पुराचा नकाशा घरोघरी वाटला. या भागाची बरीचशी जमीन समुद्रसपाटीच्या खाली. मुखपृष्ठावर छापलं होतं, ‘इथे थांबून चालणार नाही.’ स्वतःच्याच रहिवाशांना असं बजावणारी दुसरी पालिका माझ्या पाहण्यात नाही.

शेजाऱ्यांची गाठ पडते ती कचऱ्यापाशी. कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून पिशव्यांवर जाळं टाकलेलं असतं. खालच्या मजल्यावरच्या आजी त्याचं टोक उचलून धरतात, मी पिशवी आत सरकवतो. त्यांच्या पिशवीत माशांचे काटे, माझ्या पिशवीत चहाचा चोथा. मग ‘आज उकडतंय, नाही?’ एवढंच. याला कुणी कोरडेपणा म्हणतं; मला रोजच्याला एवढा ओलावा पुरतो.

भाजीवाल्याकडे मात्र आमची टोपली एकच. कोमात्सुना ही इथलीच पालेभाजी, नावसुद्धा याच वॉर्डातल्या कोमात्सुगावावरून पडलेलं. आजी ती उकडून, घट्ट पिळून, वर सोया सॉस घालून खातात. आमच्याकडे लसूण-मिरचीची फोडणी आणि भिजवलेली मूगडाळ. देठं करकरीत राहतात, पालकासारखा लगदा होत नाही. हिंग तेवढा बेतानं घालावा. शेजारच्या बाल्कनीत कपडे वाळत असतात.