जनरेटरशिवाय होडीतली वीज

वर्सोव्याच्या खाडीत आमची जुनी लाकडी होडी असते. जो तो म्हणतो, छोटा जनरेटर घे. मला नको. रात्रभर डोक्याशी भडभड आणि वर धूर! मासळीला बर्फ असतोच, फ्रिजचा प्रश्न नाही.

मग लागतं किती? नांगराचा एलईडी दिवा ३ वॅट, वायरलेस ऐकण्यापुरता ५, जीपीएस आणि फिशफाइंडर (पाण्याखालची मासळी दाखवणारं यंत्र) मिळून १२. बारा तासांचे झाले २४० वॅट-तास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीत साधारण १,२०० असतात, पण वरचेवर निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर मरते. म्हणजे हाताशी ६००. भागतं की! टपावरचं १०० वॅटचं सोलर पॅनल कडक उन्हात रात्रीचे ते २४० भरून काढतं, शिवाय इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर आहेच.

खरी कटकट खाऱ्या हवेची. साधी तांब्याची वायर आतून काळी पडते, टर्मिनलवर हिरवट थर चढतो. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली जाड वायर, तिच्या टोकांना घट्ट दाबलेले लग (जोडणीच्या धातूच्या टोप्या) आणि वर ग्रीस. फ्यूज मात्र बॅटरीला खेटूनच हवा. लाकडी होडीत आगीची भीती, यावर वाद नको.

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की बॅटरी घरी येते. आय कुरकुरते, पण चार्ज न करता ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं.