आतां हो खंय?

दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या गोव्यातल्या घरात मालिका परत लागते. रात्री पाहिलेला भाग आई दुपारी पुन्हा पाहते, म्हणजे हुमण-शीत (माशाची आमटी-भात) जेवून आरामखुर्चीत डोळे मिटून पडते. मी हळूच रिमोटला हात लावला की डोळे न उघडता म्हणते, "दवर थंय." ठेव तिथेच. रिमोटच्या पाठीचं झाकण केव्हाच हरवलंय, सेल रबरबँडने बांधून ठेवलेत. तो रबरबँड सरकल्याचा आवाज तिला झोपेतही ऐकू येतो.

परवा मात्र ती ताठ उठून बसली. पडद्याखालून पट्टी फिरत होती : अमुक भूमिका यापुढे तमुक साकारणार. मालिकेतली सून दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात गेली होती आणि बाहेर आली ती निराळाच चेहरा घेऊन. घरात कोणालाच पत्ता नाही. सासू सवयीने टोचून बोलली, नवरा सवयीने गप्प बसला. आई म्हणाली, "आतां ही कोण?" दोन दिवस तिने नव्या सुनेशी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी तिची बाजू घेऊन सासूला शिव्या घालायला लागली.

जाहिराती लागल्या म्हणून मी बातम्या लावल्या. तिथे कुणाचा तरी पक्षप्रवेश चालला होता. गळ्यात नवं उपरणं, हातात पुष्पगुच्छ, फोटोसाठी सगळ्यांचे हात वर. आईने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि आता हा कुठे, असं आमच्या कोंकणीत विचारलं. "आतां हो खंय?"

मालिकेत चेहरा बदलतो आणि माणूस तोच राहतो, इथे चेहरा तोच राहतो आणि बाकीचं सगळं बदलतं. मला हे फार मोठं काही सुचलंय असं वाटलं, म्हणून आईला सांगितलं. ती म्हणाली, जाहिराती संपल्या बघ.

"आतां हो खंय?" हा प्रश्न मुळात आजीचा. आमच्या गावच्या जत्रेत दर वर्षी गावकऱ्यांचं मराठी नाटक व्हायचं, अजूनही होतं. घरात कोंकणी, बाजारात कोंकणी, भांडणात तर कोंकणीच, पण रंगमंचावर पाय ठेवला की 'महाराज, घात झाला!' नाटक रात्री दहाचं म्हणून जाहीर व्हायचं आणि आमदार यायचे साडेबाराला. त्यांच्याशिवाय समई पेटायची नाही. आम्ही पोरं चटईवर पेंगत असायचो. मागे पडद्याच्या फटीतून औरंगजेब दिसायचा, दाढी हनुवटीवर सरकवून विडी ओढताना. मग आमदार यायचे, नारळ फुटायचा, भाषण व्हायचं, आणि नाटक सुरू झालं तरी मध्ये मध्ये आवाज चालूच : अमुक यांच्याकडून संभाजीच्या भूमिकेला 51 रुपये. संभाजी साखळदंडात जखडलेला असला तरी मान लववून आभार मानायचा.

आमच्या तिंट्यावरचा (बाजारचौकातला) दुकानदार एका वर्षी मराठ्यांचा सरदार झाला होता. बाजीप्रभूसारखा लढून मेला, बायका रडल्या. पुढच्या वर्षी माणसं कमी पडली म्हणून त्याला मोगलांच्या बाजूला घेतलं. तो हिरवा झगा घालून आला तशी आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गेल्या वर्सा हो आमचे वटेन आशिल्लो! आतां हो खंय?" गेल्या वर्षी हा आमच्या बाजूला होता! सगळा मांडव हसला. आजी हसली नाही. नंतर कितीतरी महिने तिने त्याच्याकडचा गूळ घेतला नाही, दुसऱ्या दुकानातून पाच पैसे जास्त देऊन आणायची. वजनात मारतो म्हणायची. तो वजनात मारायचाच, पण सरदार असताना ते तिला दिसलं नव्हतं.

मी शाळेत होतो तेव्हाचं 1990 हे वर्ष मला चांगलं आठवतं. मार्चमध्ये मुख्यमंत्रिपदावरून प्रतापसिंह राणे गेले, चर्चिल आलेमाव आले. ते अठरा दिवसांत गेले, लुईस प्रोतो बार्बोझा आले. डिसेंबरमध्ये तेही गेले आणि राष्ट्रपती राजवट लागली. सामान्यज्ञानाच्या वहीत 'गोव्याचे मुख्यमंत्री' यापुढची जागा आमच्या सरांनी पेन्सिलीने भरायला सांगितली होती. खोडून खोडून तिथला कागद पातळ झाला, पलीकडच्या पानावरचा राज्यपक्षी दिसायला लागला. तेव्हा 'महाभारत' आठवड्यातून एकदा लागायचं, रविवारी सकाळी, आणि द्रौपदी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होती. स्थैर्य म्हणजे काय हे मला दूरदर्शनने शिकवलं.

आता उलटं झालंय म्हणावं तर तसंही नाही, दोन्हीकडे सारखीच धावपळ आहे. आमच्या विधानसभेत आमदार मोजून चाळीस. 2019 च्या जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा भाजपमध्ये गेले. 2022 च्या जानेवारीत काँग्रेसने उमेदवारांना देवळात, क्रुसासमोर आणि दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. निवडून आले अकरा. सप्टेंबरमध्ये त्यांतले आठ गेले. आईने विचारलं, आठच का? मी बोटांवर मोजून दाखवलं. एकटा गेला तर आमदारकी जाते, दोन तृतीयांश मिळून गेले तर ते विलीनीकरण. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सातच्या वर, म्हणून आठ. तिला लगेच पटलं. एकटी सून घर सोडून गेली तर बोभाटा, सगळेच निघाले तर बिऱ्हाड हलवलं म्हणतात.

मालिकांबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. त्या घरांत कोणी नुस्तं, म्हणजे मासे, खात नाही. एवढी मोठी कुटुंबं, चार चार सुना, आणि बांगड्याचा वास म्हणून नाही! सकाळी सहाला पैठणी नेसून चहा गाळतात. पडद्याआडून ऐकणारी बाई नेमकं अर्धंच वाक्य ऐकते. आमच्या घरी अर्धं ऐकू आलं तर "कितें म्हणटा?" म्हणून ओरडतात, संपलं कारस्थान. लग्न दोन आठवडे चालतं. आमच्या फोंड्यात हॉल एका दिवसासाठी मिळतो आणि संध्याकाळी सहाला माणूस झाडू घेऊन उभा राहतो.

एकदाच या मालिका आमच्या जवळ आल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं, तेव्हा कित्येक मराठी मालिका सगळं बिऱ्हाड घेऊन गोव्यात उतरल्या. ठाण्या-पुण्याची कुटुंबं काहीतरी निमित्त काढून रातोरात माडांच्या बागेत राहायला आली. कारस्थानं बदलली नाहीत, मागे फक्त बलकांव, म्हणजे आमच्याकडचा दारापुढचा बसायचा सोपा, आला. आई खूश होती. सुनेकडे बघायचं सोडून ती मागचे माड बघायची आणि नारळ उतरवायला झालेत म्हणायची. तेव्हा इथेही रोज माणसं मरत होती, विरोधकांनी आवाज उठवला आणि मेमध्ये सरकारने परवानग्या रद्द केल्या. बातम्यांत आमदार मालिकेबद्दल बोलताहेत आणि पलीकडच्या चॅनलवर तीच मालिका चाललीय, असं त्या आठवड्यात झालं. आईला रिमोट लागलाच नाही. कुठेही ठेवलं तरी चालत होतं.

एवढ्याशा राज्यात आमदार काही लांबचा माणूस नसतो. एका मतदारसंघात तीसेक हजार मतदार. त्याला लग्नाला बोलवावं लागतं, तो बाराव्यालाही येतो, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तर येतोच. यंदाही आला. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली असते, तिच्याखाली वाकून नमस्कार केला, सोप्यावर बसला. मांडीवर उपरणं होतं, रंग नवा. आईने नेवऱ्यांची (करंज्यांची) बशी पुढे केली आणि मालिकेतल्या माणसाला विचारावं तसं थेट त्यालाच विचारलं, "आतां तूं खंय रे?"

बरोबरची पोरं खाली बघायला लागली. तो मात्र मनापासून हसला. "तुमचेच वांगडा, काकी." तुमच्याच बरोबर.

आईने त्याच्या बशीत आणखी एक नेवरी वाढली. सगळे हसले, फोटो निघाला. तो आठांतला की आधीच्या दहांतला, ते सांगत नाही. मला हसता आलं नाही. मत मी त्याला दिलं होतं.