ट्रेमेमधली बाकं

आज अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे वस्तीत सेंट ऑगस्टीन चर्चला मिस्सेला, म्हणजे कॅथलिक प्रार्थनेला, गेले. १८४२ साली हे चर्च उघडण्याआधी बाकं विकत घेण्यावरून गोरे आणि मुक्त कृष्णवर्णीय यांच्यात मोठी चढाओढ लागली होती. कृष्णवर्णीयांनी जास्त बाकं तर घेतलीच, वर दोन्ही कडेच्या रांगा विकत घेऊन गुलामांना बसायला दिल्या. गुलामगिरी चालू असताना! किती मोठं मन.

आवारात अनाम गुलामाचं स्मारक आहे. जाडजूड गंजका साखळदंड, त्याला लटकणाऱ्या बेड्या. शेजारच्या आजी मला हाताला धरून तिथे घेऊन गेल्या.

कतरिना वादळानंतर, २००६ मध्ये, हा धर्मग्राम, म्हणजे या चर्चचा भाविक-समुदाय, बंद होणार होता. विरोध करणाऱ्यांनी थेट धर्मगुरूंच्या निवासात ठाण मांडलं, आणि चर्च वाचलं. आजही इथे काळे-गोरे एकत्र गातात.